हातातलं गिऱ्हाईक

चहाला खाली उतरायचं असलं तरी शाहीन आपा स्वतःच्या खुर्चीत आधी कोणाला तरी बसवायची. मी असलो तर मला, मी नसलो तर झाडलोट करायला येणाऱ्या मावशींना. मावशींना संगणकातलं काही कळत नसे. "कळाले कायले पाहिजेन? लाल दिसलं का खिडकीतून ओरडा, बस," असं सांगून ती जिना उतरायची आणि अर्धा कप तसाच टाकून परत यायची. मावशी उठताना म्हणायच्या, "घ्या, तुमची खुर्ची गरम ठेवली." आपा हसायची, पण तोवर तिची नजर पडद्यावर गेलेली असायची.

दारव्ह्याला बसस्टँडजवळ, एका बियाण्यांच्या दुकानाच्या वर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. आधी मी तिथे संगणकाचे वर्ग घ्यायचो. शाहीन त्या वर्गातली. पुढे ती पुसदला इंजिनिअरिंग शिकली, नागपुरात काही वर्षं नोकरी करून परत आली आणि माझ्याकडे रुजू झाली. वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान, पण सगळे तिला आपा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. ती मला सर म्हणायची, आणि सर म्हणूनच झापायची.

आमचं मुख्य काम म्हणजे एका सेवाभावी संस्थेसाठी चालवलेलं वेबवरचं ॲप. गावातल्या आशाताईने मोबाइलवर पान उघडायचं आणि गावाचं नाव दाबायचं. त्या भागातल्या जीपवाल्यांच्या मोबाइलवर हाक वाजायची. जो आधी 'घेतली' म्हणेल त्याची गाडी निघायची, आणि ती कुठवर आली हे आशाताईला पानावर दिसत राहायचं. बाळंतपण, साप-विंचू, फवारणी करताना आलेली चक्कर, अशा कामांच्या हाका. ज्या सर्व्हरवर हे चालायचं तो कुठेतरी दूर, भाड्याचा. प्रोग्रॅममध्ये सारखं काही ना काही बदलावं लागे. नवे जीपवाले, नवी गावं, कुठे राहून गेलेली चूक. आणि बदल केला की प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करावा लागे. तो सुरू होईपर्यंत कोणाची हाक आली तर? हा प्रश्न माझ्या पोटात तेव्हा बसला तो अजून उठलेला नाही.

आपा यायच्या आधी आम्ही सरळ बंद करायचो. पानावर मी एक पाटी लावायचो: 'काम सुरू आहे. कृपया थोड्या वेळाने या.' खाली जोडलेल्या हातांचं चित्र. ती पाटी मी स्वतः तयार केली होती आणि मला ती फार सभ्य वाटायची. आपाने पहिल्याच आठवड्यात ती पाहिली. बराच वेळ पाहिली.

"सर, हे हात कोणाचे हायत?"

"आपलेच. म्हणजे ऑफिसचे."

"मंग जोडून काहून ठेवले? कामाले लावा ना." मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाई अडली आन् पानावर हे दिसलं, त् लेकरू थोड्या वेळानं येते का, सर?"

पाटी तिनेच काढून टाकली. त्या जागी ती काय करणार हे तिने मला समजावून सांगितलं नाही, आठवडी बाजारात नेऊन दाखवलं. तिचे अब्बा तिथे दोरखंड, कासरे, वेसणी विकायचे. आम्ही पोचलो तेव्हा दुपारच्या नमाजची वेळ होत आली होती. शेजारी लसणाचा ढीग लावून बसलेले गजाननकाका आपला लसूण बायकोच्या हवाली करून उठले आणि अब्बांच्या गादीच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसले. अब्बा मात्र उठले नाहीत. त्यांच्यापुढे एक माणूस कासरा हातात घेऊन बसला होता. मोजत होता, गाठ ओढून पाहत होता, त्याचं ठरत नव्हतं. नवं गिऱ्हाईक आलं की अब्बा नुसती मान हलवून त्याला गजाननकाकांकडे वळवायचे. कासऱ्यावाल्याचं एकदाचं जमलं, तो गेला, तेव्हा कुठे अब्बा गुडघ्यावर हात टेकून उठले.

"गादी खाली नै रखना, मास्तर," ते मला म्हणाले. "और हाथ का गिऱ्हाईक जिसने धरा, वही छोडेगा."

"पाह्यलं?" आपा म्हणाली. "आपल्याले असंच करायचं हाय."

आणि तसंच तिने केलं. जुना प्रोग्रॅम चालू ठेवून त्याच्या शेजारी नवा उभा करायचा. नवा खरंच उभा आहे की नुसता उभा दिसतोय, हे त्याला एक खोटी हाक देऊन तपासायचं. मग नव्या हाका त्याच्याकडे वळवायच्या. जुन्याकडे ज्यांची पानं उघडी असतील त्यांचं काम जुनाच पुरं करेल, आणि शेवटचं पान बंद झालं की अब्बांसारखा आपोआप उठेल, म्हणजे बंद होईल. गावात कोणाला काही बदललं हे कळायचंदेखील नाही. हे सगळं ती भर दुपारी करायची. रात्री करू, गर्दी नसते, असं मी म्हणायचो. "रातच्याले चुकलं त् उठवू कोणाले? चार माणसं जागी असतात तवाच औजार बदलावं, सर."

खोट्या हाकेसाठी तिने एक खोटं गाव केलं होतं, निवांतवाडी. ती हाक कुठल्याही जीपवाल्याकडे जाऊ नये अशी सोय होती. एकदा बदल करताना ती सोयच राहून गेली. काही वेळाने देवीदासचा फोन आला. देवीदास जवळच्या तांड्यावरचा, आमचा सर्वांत भरवशाचा जीपवाला.

"आपा, हे निवांतवाडी कोण्या फाट्यावरून हाय वो? दोन तांडे पालथे घातले. कोणी नावच आयकलं नाई."

आपाचा चेहरा उतरला. "देवीदासभाऊ, वापस या. ते गाव नाई हाय. माही चूक झाली."

"गाव नाई? मंग पेशंट?"

"पेशंट बी नाई."

"बरं झालं ना मंग! याडीची, मायची आन, मले वाटलं मीच पोचलो नाई आन् तिकडे कोणी मरून राह्यलं." तो फोनवर खदखदून हसत होता.

ती हसली नाही. "तेवढ्यात खरी हाक आली असती त्? गाडी त् आपण नसलेल्या गावाले पाठवली होती," हे ती पुढचे कितीतरी दिवस घोळवत राहिली. तिचा स्वभावच तो. सगळं सुरळीत असलं की तिला जास्त भीती वाटायची. "बंद पडलेलं दिसते, सर. अर्धं बंद पडलेलं दिसत नाई," असं म्हणायची आणि हिरव्या पडद्याकडे संशयाने बघायची. ईदच्या दिवशी शिरखुर्म्याचा डबा घेऊन यायची, तो आम्हाला द्यायचा म्हणून नव्हे, पडदा बघायचा म्हणून. डबा निमित्त. चुलतबहिणीच्या लग्नात ती मंडपाच्या मागे जनरेटरशेजारी लॅपटॉप उघडून बसलेली मी पाहिली आहे. मला तेव्हा तिचं कौतुक वाटलं होतं. आता त्या कौतुकाची लाज वाटते.

कारण ती माझ्याकडे एकच गोष्ट मागत होती. "सर, माह्या खुर्चीत बसणारं कोणी पाह्या. मावशी नाई. काम येणारं."

मी हो म्हणायचो. नंतर मागणं बदललं नाही, पण त्यामागचं कारण बदललं. अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. बाजारातली गादी मोडली आणि भाऊ त्यांना पुसदला आपल्या घरी घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की बोलणं परत येऊ शकतं, पण कोणीतरी रोज त्यांच्यासमोर बसून त्यांना बोलतं ठेवलं पाहिजे. भाऊ दिवसभर कामावर, वहिनी लेकरांत. अब्बांचे तुटके शब्द फक्त आपाला कळायचे. ती रविवारी जायची, लॅपटॉप घेऊन, आणि संध्याकाळच्या बसने परत. "रोज नाई बोललं त् विसरते म्हंते जीभ," असं ती एकदा म्हणाली. मी म्हटलं, "पाहतो आहे मी माणूस. मिळत नाही."

मी पाहत नव्हतो. मला भीती होती की दुसरा माणूस आला की ही जाईल. संस्थेच्या बैठकीत मी छाती फुगवून सांगायचो की आमचं ॲप कधी बंद पडत नाही. ते न पडणं म्हणजे ही एक बाई होती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

कापूस वेचणीच्या दिवसांत ते घडलं. आदल्या दुपारी आपाने बदल केला होता. सकाळी आतल्या एका गावातून सुनंदाताईंचा, तिथल्या आशाताईंचा, मला फोन आला.

"सर, गाडी कुठवर आली? कळा येऊन राह्यल्या बाईले. पहिलटकरीन हाय."

मी पडद्यावर पाहिलं. सगळं हिरवं. त्या गावाची हाकच नव्हती.

"ताई, तुमची हाक इथे आलीच नाही. नेट नसेल तुमच्याकडे."

"नेट काहून नसन? लिवलं हाय ना पानावर, 'हाक गेली, वाट पाहा'. मी वाटच त् पाहून राह्यली केव्हाची!"

आपाने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "ताई, मी शाहीन. गाडी पाठवते, तुम्ही बाईपाशी जा." दुसऱ्या हाताने ती देवीदासचा नंबर लावत होती.

"आपा, माह्यावाला मोबाइल त् वाजलाच नाई," देवीदास म्हणाला.

"वाजणार बी नाई. माह्या तोंडची हाक समजा आन् निघा, भाऊ."

तो निघाला. मग तिने सुनंदाताईंना पुन्हा फोन लावून विचारलं, हे पान कधीपासून उघडं आहे. ताई म्हणाल्या, कालपासून. काल एका म्हाताऱ्याला नेलं तेव्हापासून. "तुमीच सांगतलं ना, गाडी येऊस्तोर पान बंद करू नोका. मंग मी म्हणलं राहू द्या उघडंच. बंद केलं आन् पुन्हा नाई उघडलं त्?"

आपा खुर्चीत बसली. काय झालं हे मला कळायच्या आधी तिला कळलं होतं. सुनंदाताईंचं पान उघडं होतं, म्हणून जुना प्रोग्रॅम उठलाच नव्हता. कालपासून तो त्या एका गिऱ्हाइकासाठी बसून होता. आज ताईंनी त्याच पानावरून नवी हाक दिली, ती त्यानेच घेतली. पण सगळे जीपवाले कालच नव्याकडे गेले होते. जुन्याने हाक दिली ती रिकाम्या बाजारात. ऐकायला कोणी नव्हतं, आणि आमच्या पडद्यावर दिसत होता फक्त नवा. हिरवा.

इतर ठिकाणी अशा कामात जुन्याला मुदत घालतात. तेवढ्यात उठला नाही तर ओढून उठवतात. आपाला ते माहीत होतं. तिने मुद्दाम मुदत घातली नव्हती. हातातलं गिऱ्हाईक अर्ध्यावर कसं सोडायचं, म्हणून.

आम्ही फोन मध्ये ठेवून बसलो. देवीदास पोचल्याचं कळलं, निघाल्याचं कळलं. मग बराच वेळ काही नाही. मावशी दारात झाडू धरून उभ्या. शेवटी देवीदासचा फोन आला. इंजिन बंद होतं. लांबून सुनंदाताईंचा आवाज येत होता, "रड रे बाप्पा, रड, रड ना," आणि तळव्यावर चापट्या मारल्याचा आवाज. आपाने दोन्ही हात टेबलावर पालथे दाबून धरले होते, टेबल उडून जाणार असल्यासारखे. मग एक बारीक, चिडका आवाज आला. पुन्हा आला. मोठा झाला.

"आयकलं का?" देवीदास म्हणाला. "पोरगी हाय. पऱ्हाटीच्या वावरात, धुऱ्यावर गाडी उभी केली मी."

मावशींनी झाडू भिंतीला टेकवला आणि पदर डोळ्यांना लावला. आपा उठली, मोरीत जाऊन ओकली आणि तोंड धुऊन परत येऊन बसली.

संस्थेच्या लोकांना काय सांगायचं यावर मी दुपारभर विचार करत होतो. मायलेकी सुखरूप होत्या. "नेटवर्कचा प्रॉब्लेम होता म्हणू," मी म्हटलं.

"नेटचं नाव नोका घेऊ, सर. ते बिचारं काय इथी येऊन बोलणार हाय?"

आशाताईंच्या पुढच्या बैठकीत ती स्वतः उभी राहिली आणि सगळं सांगितलं. सुनंदाताई मध्येच म्हणाल्या, पान मीच उघडं ठेवलं होतं. "तुम्ही ठेवलं ते बरोबरच केलं," आपा म्हणाली. "आम्ही सांगतलं तसंच केलं. चूक माही हाय." मी मागच्या बाकावर बसलो होतो. संस्थेकडे मान वर करून बोलणारा मी, त्या दिवशी उभा राहिलो नाही.

त्याच रविवारी तिने पुसदला अब्बांना विचारलं, एखादं गिऱ्हाईक उठतच नसेल तर काय करायचं? मंगळवारच्या चहाला तिने मला ते सांगितलं, त्यांची नक्कल करत, शब्द तोडत. अब्बा खूप हसले म्हणे. मग डाव्या हाताने हवेत कोणाचा तरी हात धरून दुसऱ्याच्या हातात दिला. "गजानन... ये... अपना आदमी. बैठो... इसके पास." म्हणजे गिऱ्हाईक हातोहात देता येतं. आधी दोघांची ओळख करून द्यायची.

"मले वाटे गिऱ्हाईक उठेस्तोर धरून ठेवणं म्हणजेच इमानदारी," ती म्हणाली. "अब्बानं अर्धं नव्हतं शिकवलं. म्याच अर्धं शिकलं."

मग तिने प्रोग्रॅम बदलला. चालू हाकांची माहिती कुठल्याच एका प्रोग्रॅमच्या डोक्यात ठेवायची नाही, दोघांना सारखी पोचेल अशा ठिकाणी ठेवायची. जुना उठताना उघड्या पानांना स्वतःच नव्याकडे पाठवेल. आणि मुदत घातली. ते काम पुरं झालं त्या दिवशी मी पहिल्यांदा खरोखर माणूस शोधायला लागलो, आणि मला तो आठवडाभरात मिळाला. आठवडाभरात. राळेगावची प्रणाली, यवतमाळला नोकरी शोधत होती.

मला वाटलं आपा लगेच जाईल. ती गेली नाही. प्रणालीला एकटीला जमल्याशिवाय उठायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. आता भीती दुप्पट झाली होती. एकदा आपल्या हातून झालं ते पुन्हा दुसऱ्याच्या हातून होऊ नये. ती प्रणालीला एकच गोष्ट दहा वेळा करायला लावायची. "काय दिसून राह्यलं?" "हिरवं." "आन् काय दिसून नाई राह्यलं?" प्रणाली वैतागायची. "आपा, जे दिसतच नाई ते मी सांगू कसं?" "तेच सांगाले आली तू इथी," आपा म्हणायची, पण आवाजात राग नसायचा, थकवा असायचा. मी दोन-तीनदा म्हटलं, जा आता. ती म्हणायची, एवढा आठवडा जाऊ द्या.

त्याच आठवड्यांत कधीतरी अब्बांना दुसरा झटका आला. ती रात्री पुसदला जाऊन सकाळी परत आली. मावशींनी चहा आणला. आपा पूर्ण कप प्यायली, जे ती कधी करत नसे, आणि म्हणाली, "ओळखते मले. हात धरते. पण आता शब्द नाई येत. एक बी नाई."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"सर," ती म्हणाली, "तुम्ही नोका बोलू." ती रागावली नव्हती. खरंच नव्हती. रागावली असती तर मला जगायला सोपं गेलं असतं.

निघायच्या दिवशी तिने टेबल आवरलं, प्रणालीच्या डोक्यावरून हात फिरवला, मावशींना मिठी मारली. मला "येते, सर" म्हणाली. पुसदची बस दुपारची होती. त्याच दुपारी प्रणाली एकटीने पहिल्यांदा बदल करणार होती, हे आपाला माहीत होतं, तरी ती थांबली नाही. प्रणाली प्रत्येक पायरी ओठातल्या ओठात म्हणत होती. माझी गाळण उडाली होती. पण नवा उभा राहिला, हाका वळल्या, जुन्याने उघडी पानं नव्याकडे पाठवली आणि मुदतीच्या आत तो उठला. प्रणालीने आधी पडद्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

मी जिना उतरून स्टँडवर धावत गेलो. बस अजून लागलेलीच होती. खिडकीशी आपा होती. नीट झालं, असं तिला सांगायचं होतं. ती विचारेल, मी सांगेन, आणि ते ऐकून तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल होईल, असं मी धावताना मनात रंगवलं होतं.

ती झोपली होती. डोकं खिडकीच्या गजाला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, ओढणी खांद्यावर घसरलेली. इतक्या वर्षांत तिला झोपलेली मी पाहिली नव्हती. शेजारची बाई तिच्या मांडीवरून पिशवी सरकवून आपल्या लेकराला बसायला जागा करत होती, तरी तिला जाग आली नाही. मी खिडकीखाली उभा राहिलो. गजावर टकटक करायला हात वर केला, आणि मला कळलं की ती बातमी तिला नको आहे. तिच्या तोंडून 'बरं झालं' ऐकायची गरज माझी होती.

"बसायचं हाय का, भाऊ?" कंडक्टरने विचारलं.

मी मान हलवून मागे सरलो. बस हलली. स्टँडच्या दारातल्या खड्ड्यात चाक आदळलं, तिचं डोकं गजावर आपटलं. डोळे न उघडताच तिने ओढणीची घडी केली, गालाखाली घातली, आणि पुन्हा झोपली.